सोमलवार

२ जानेवारी, सोमवार

दवाखान्यादवाखान्यांतल्या माझ्या नर्स बहिणींनो!

रोजनिशी अशी भाषणासारखी सुरू करू नये हे मला कळतं, पण जित्याची खोड. आणि ज्यांचं गाऱ्हाणं एक, त्यांना हाक मारायला व्यासपीठच कशाला हवं? रोगी आपण बघायचा, जखम आपण धुवायची, सही डॉक्टरांची. आणि आपण तोंड उघडलं की, बाई, तुम्हाला कुणी विचारलंय का? अकरा वर्षांत माझ्या चार बदल्या झाल्या. चारही कागदांवर कारण एकच, 'प्रशासकीय'. खरं कारण माझी जीभ. शेवटी राजीनामा तोंडावर फेकला आणि या खांबांच्या कारखान्यातल्या दवाखान्यात नोकरी धरली.

तर आज आनंदाची बातमी लिहिते. इथे माझं ऐकलं जातं! मॅनेजरसाहेब मला बघून खुर्चीतून उठले. अकरा वर्षांत माझ्यासाठी उठलेला हा पहिला पुरुष. बाकीचे फक्त माझ्या जिवावर उठले.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. दोन खाटा, काचेचं कपाट, टेबलाला एक खोल कप्पा. खिडकीतून टाकी दिसते. विजेचे आणि कुंपणाचे लाकडी खांब त्यात हिरव्या औषधात बुडवून काढतात. एकदा बुडवला की पन्नास वर्षं वाळवी फिरकत नाही, असं साहेब स्वतःच्या मुलाचे मार्क सांगावेत तसं सांगत होते. राहायला आवारातच दोन खोल्या. कंपनीच्या बोअरिंगचं पाणी, चोवीस तास. आईला कळवलं, आता ये, नळाखाली बादली लावून बसायचे दिवस संपले.

नियम एकच कडक आहे, म्हणे. दर सोमवारी सगळ्यांची नखं दवाखान्यात कापायची, अगदी मुळापर्यंत. कापलेली नखं पत्र्याच्या डब्यात जमवून बॉयलरमध्ये टाकायची. मी म्हटलं, साहेब, अशी कंपनी मी पहिल्यांदा पाहिली. ते लाजले.

३ जानेवारी, मंगळवार

आधीची नर्स बाई आजारी पडून गावी गेली म्हणतात. सफाईला येणारी मावशी म्हणाली, गेली नाही, नेली. मावशीची बोलण्याची तऱ्हाच अशी आहे, अर्धं बोलायचं आणि उरलेलं झाडूने लोटायचं.

आज टेबलाचा कप्पा साफ केला. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं, त्याखाली औषधाच्या कागदाच्या पुड्या. मी म्हटलं जुनी पावडर असेल. उघडली तर नखं! माणसाची कापलेली नखं! नऊ-दहा पुड्या, प्रत्येकीवर तारीख आणि बोट: 'उजवा अंगठा', 'डावी तर्जनी'. शी! शिकलीसवरलेली बाई आणि ही सवय! चिमट्याने उचलून एकेक पुडी डब्यात टाकली आणि डबा बॉयलरवर पाठवला. मग कप्पा फिनेलने पुसला. मावशी झाडू थांबवून बघत होती. मी तिला स्वच्छतेवर चार शब्द सांगितले. ती पुन्हा झाडायला लागली.

९ जानेवारी, सोमवार

पहिला नखांचा सोमवार. शंभरावर माणसं रांगेत. टाकीवर काम करणारे एक म्हातारे मामा आहेत, पुढचे दात गेलेले. सोमवारला ते सोमलवार म्हणतात. हात पुढे करत म्हणाले, आला बघा बाई आमचा सोमलवार! मागची रांग हसली. मी त्यांचा उच्चार सुधारला. मामा, सो-म-वा-र म्हणा. त्यांनी शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं आणि जाता जाता परत सोमलवार म्हणालेच.

एक गंमत. संध्याकाळी फाटकावर पहारेकरी सगळ्यांची नखं तपासतो, माझीही. बाहेर जाताना! एरवी स्वच्छतेची तपासणी आत येताना होते. मी विचारलं तर म्हणाला, बाई, मला आतलं काय, बाहेरचं काय, मला नखांतलं सांगितलंय. उत्तर मला फार आवडलं.

१५ जानेवारी, रविवार

आई आली. नळ सोडून पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिली. म्हणाली, हे पाणी माझ्या लग्नात असतं तर तुझी आत्या माझ्याशी जन्मभर भांडली नसती. दिवसभर घरात असते, घागरीतून तांब्यावर तांब्या पिते. गोड लागतं, म्हणते.

मावशीला चहा दिला तर तिने घेतला नाही. रोज घरून बाटली आणते आणि तीच पिते. आईला वाईट वाटलं. मी म्हटलं, राहू दे, तिच्या तोंडाला आपला चहा लागत नसेल.

१९ जानेवारी, गुरुवार

नखांवर एक पुस्तक लिहावं इतकी नखं इथे आहेत. सतत ओल्यात काम, त्यामुळे नखुरडी रोजची: नखाची कड सुजून लाल, दाबलं की पू. गमबुटांत दिवस काढणाऱ्यांच्या पायांना बुरशी. नख जाड, पिवळं, साबणाच्या जुन्या वडीसारखा भुगा होणारं. आखूड बुटांमुळे अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं. त्याला मी कडेने कापू नका, सरळ कापा असं शिकवते. खांब पडून नखाखाली रक्त साकळलेलं, काळं-निळं. जेवणात कस नसलेल्या बायांची नखं चमच्यासारखी खोलगट. वर थेंब ठेवला तर ओघळत नाही. एकाचं नख बोटापासून सुटून खाली हवा शिरलेली, म्हणून पांढरं. बोलणारे लोक जिभेने बोलतात. न बोलणाऱ्यांची नखं बोलतात. हे वाक्य भाषणात घालायचं.

पण एक गोष्ट प्रत्येकात आहे. नखावर आडव्या पांढऱ्या रेघा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाखाली एक, वहीच्या ओळींसारख्या. टाकीवाल्या मामांच्या अंगठ्यावर चार.

दर गुरुवारी सही करायला डॉक्टर येतात. मावशी त्यांना सहीवाले डॉक्टर म्हणते. त्यांना रेघा दाखवल्या. ते न बघताच म्हणाले, कॅल्शियम कमी. शंभर माणसांचं एकदम? तर म्हणाले, बाई, तुमचा अभ्यास दांडगा आहे. आणि सही केली. मीही रजिस्टरात कॅल्शियम लिहिलं.

२८ जानेवारी, शनिवार

महिन्याचा शेवटचा शनिवार, टाकी धुण्याचा दिवस. तळाचा हिरवा गाळ मागच्या खड्ड्यात सोडतात. खड्डा आमच्या बोअरिंगपासून वीसएक पावलांवर.

३० जानेवारी, सोमवार

निम्म्या रांगेला उलट्या-जुलाब. याला इथे 'टाकीचा ताप' म्हणतात, दर महिन्याला येतो आणि जातो. आईलाही झाला, मलाही थोडा. साखर-मिठाचं पाणी भरपूर पाजलं. आईला तर मी बळेच तांब्याभर पाजलं.

६ फेब्रुवारी, सोमवार

आज जेवणाच्या सुट्टीत भाषण केलं. साहेबांनीच विनंती केली. माणसांची नखं कापताना कुरकुर वाढली होती. मुळापर्यंत कापल्याने बोटं झोंबतात. मी बाकावर उभी राहिले. म्हटलं, नख म्हणजे रोगाचं बिऱ्हाड! जो आपलं नख वाढवतो तो आपल्या लेकरांच्या ताटात विष वाढतो! टाळ्यांनी पत्रे हादरले. संध्याकाळपर्यंत एकही नख उरलं नाही. डबा काठोकाठ भरला.

मावशी मागे उभी होती. मध्येच तिने हात वर केल्यासारखं केलं, मग पदर सावरला. काही विचारायचं असेल. भाषणानंतर विचारेल म्हटलं, पण विसरले.

२७ फेब्रुवारी, सोमवार

परवा पुन्हा टाकी धुतली. आई खाटेवरून उठत नाही. पाय बधिर झालेत, म्हणते मोजे घातल्यासारखे वाटतात. पाय तर उघडे आहेत. तळहातांची कातडी जाड, खरबरीत झाली आहे. सहीवाल्या डॉक्टरांनी वय लिहिलं. रोग या रकान्यात वय!

१४ मार्च, मंगळवार

आईच्या नखांवर रेघ उमटली आहे. अगदी मुळाशी, चंद्रकोरीच्या वर.

माझ्याही.

दहाच्या दहा बोटांवर, एकाच अंतरावर. उपाशी माझी आई नाही आणि मीही नाही. रोज दूध आहे. कॅल्शियम?

२० मार्च, सोमवार

आईची नखं कापली. रिवाजाप्रमाणे मुळापर्यंत. तिचे हात उशीवर ठेवून, एकेक बोट धरून. ती म्हणाली, लहानपणी तू नखं कापताना केवढी रडायचीस, मी तुला चिमणीची गोष्ट सांगायची. मग तीच गोष्ट सांगायला लागली आणि अर्ध्यात विसरली. नखं डब्यात टाकली.

२९ मार्च, बुधवार

आई गेली. परवा. टाकी शनिवारी धुतली होती.

मृत्यूचं कारण: वय. सही आहे.

अंत्यविधी कंपनीच्या खर्चाने, कंपनीच्या घाईने. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांना धन्यवाद म्हटलं.

३१ मार्च, शुक्रवार

आज मावशीने मला ओढून खाली बसवलं आणि तिची बाटली माझ्या तोंडाला लावली. म्हणाली, आतातरी हे प्या. तिच्या गावच्या विहिरीचं पाणी. ती इथलं कधीच पीत नाही. आधीच्या नर्स बाईनेच सांगितलं होतं.

मी ओरडले, मग मला का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, तुम्ही बोलत होता की बाई. मध्ये कोण बोलणार?

बहिणींनो, अकरा वर्षं मी जगाला जो प्रश्न विचारत हिंडले, तो एका झाडूवालीने मला विचारला.

१ एप्रिल, शनिवार

फूटपट्टी घेऊन बसले. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, हे पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. माझ्या अंगठ्यावरच्या रेघा तीन-तीन मिलिमीटरवर आहेत. टाकी महिन्यातून एकदा धुतात. मामांना बोलावलं. त्यांच्या नखावर चार रेघा, चार महिने, चार शनिवार. नख ही रोजनिशी आहे. माझ्यापेक्षा खरी, ती भाषण करत नाही.

मामांना विचारलं, त्या टाकीत काय असतं हो? ते म्हणाले, बाई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं की. दर सोमवारी सांगतो. तुम्ही उच्चार सुधारत होता.

सोमल.

सोमल, म्हणजे आर्सेनिक. जुन्या गोष्टींत सवती दुधातून घालतात ते. आम्हाला कंपनीने बोअरिंगमधून घातलं. माणसं तीन महिने माझ्यासमोर हात पसरून विषाचं नाव घेत होती आणि मी त्यांचं व्याकरण तपासत होते.

२ एप्रिल, रविवार

रक्त आजचं सांगतं, लघवी कालपरवाची. सहा महिन्यांचं फक्त नख सांगतं. प्रयोगशाळेत चिमूटभर नखं दिली तरी सोमल सापडतो. म्हणून सोमवार. म्हणून मुळापर्यंत. म्हणून बॉयलर. म्हणून तपासणी बाहेर जाताना.

आणि त्या पुड्या. तारीख, बोट. त्या बाईने मरता मरता जमवलेला पुरावा मी चिमट्याने उचलला. चिमट्याने! नंतर हात साबणाने धुतले.

गळ्याला नख लावणं म्हणतात ना? पोटच्या लेकीने आईच्या गळ्याला नख लावलं असं लोक म्हणतात. मी नख लावलं नाही. मी नख कापलं. आईजवळ एकच साक्षीदार होता, तो मी डब्यात टाकला.

आता या कारखान्यात आईच्या महिन्यांचा हिशेब सांगणारी नखं फक्त माझी आहेत. तेच पाणी, तेच शनिवार. ही बाहेर गेली पाहिजेत. बाकी मला काही नको.

३ एप्रिल, सोमवार

कुणाचंही नख कापलं नाही. नेलकटर हरवलं म्हणून सांगितलं. साहेबांनी तासाभरात दोन डझन पाठवली.

६ एप्रिल, गुरुवार

कापली. माझीच. वाढलेली कड, आणि पांढऱ्या रेघांवरून खरवडलेला भुगा. पुड्या केल्या. तारीख घातली, बोट घातलं. लिहिताना अक्षर ओळखीचं वाटलं. कप्पा उघडला, वर्तमानपत्र उचललं. तळाला फिनेलचा वास अजून आहे.

बाहेर जायचं ठरवलं होतं. फाटकापर्यंत पन्नास पावलं. तिसाव्या पावलाला पाय कुठे आहेत ते कळेना. पहारेकऱ्याने खुर्ची दिली. माणूस वाईट नाही. मला नखांतलं सांगितलंय, म्हणाला, आणि माझे हात बघितले, मग खिसे. खिसे कधी बघत नसे. पुड्या ब्लाउजमध्ये होत्या म्हणून वाचल्या.

१० एप्रिल, सोमवार

पाच पुड्या मावशीकडे दिल्या, तिच्या भाकरीच्या डब्यात, तळाशी.

११ एप्रिल

मावशी आली नाही.

१२ एप्रिल

मावशी आली नाही. फाटकावर डबा उघडला म्हणे. मामा सांगत होते, खिडकीतून, तोंड दुसरीकडे करून. मी मध्ये एकही शब्द बोलले नाही. आता ऐकता येतं मला. आता.

१५ एप्रिल

दवाखान्याच्याच खाटेवर आहे. घरी जाऊ देत नाहीत, काळजीपोटी म्हणे. पाण्याचा तांब्या भरून उशाशी. साहेब स्वतः भरतात. गोड लागतं का, विचारतात.

पीत नाही. ओठ फुटले आहेत. मग कुणीतरी पाजतं—

१७ एप्रिल, सोमवार

डब्यात काहीतरी खरखरतं. उंदीर असेल. झाकण बंद आहे. उंदीर कसा असेल?

शंभर माणसांची, इतक्या वर्षांची— बॉयलरमध्ये गेली ती सगळी— आणि आईची. पाचवं बोट करंगळी. चिमणीची गोष्ट अर्धीच—

सहीवाले डॉक्टर आले. वय विचारलं. एकोणचाळीस म्हटलं. त्यांनी लेखणी थांबवली. पहिल्यांदा थांबवली. मग लिहिलं, मानसिक.

१९ एप्रिल

अंगठ्याचं नख सुटलं. आख्खं. दुखलं नाही. तीन रेघा. छान, स्पष्ट. पुडीत ठेवलं. माझं सर्वांत चांगलं भाषण.

२१ एप्रिल

साहेब हसून म्हणाले, आराम करा, गावी सोडायची सोय केली आहे. मी म्हटलं, मला गाव नाही. ते म्हणाले, आधीच्या बाईंनाही नव्हतं.

सोमवारी नवी नर्स येणार. हुशार आहे म्हणे. फार स्वच्छ.

२३ एप्रिल, रविवार

पेन बोटांना पट्टीने बांधलंय. कप्पा हाताच्या अंतरावर. ही वही पुड्यांच्या खालीच ठेवते, वर्तमानपत्राखाली.

बहीण. एकच बहीण. बाकीच्या सगळ्यांना मागे खूप बोलले.

उद्या तू कप्पा उघडशील. उरलेल्या पुड्या. तुला किळस येईल. मलाही आली होती. डबा शेजारीच असेल, झाकण उघडं. आधी पुड्या दिसतील, मग वही— क्रम उलटा झाला का— वही वर ठेवायला हवी. पण मग ती साहेबांनाच आधी दिसेल—

पाण्याचं मी सांगत नाही. ते मामा सांगतील, रांगेत, हसत हसत. त्यांचा उच्चार सुधारू नकोस. थांब आणि ऐक.

माझं मागणं एकच. त्या पुड्या ब्लाउजमध्ये घाल, बाहेर ने, पहिल्या प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेव. तेवढंच. आणि चुकूनही—

पावलं. साहेबांचा आवाज. बाईचा आवाज, नवा, हसरा— रविवारीच आली— विचारतेय, फिनेल कुठे ठेवता—

बहीण, पुड्या फेकू